मान धरण्यापासून पळण्यापर्यंत: बाळाच्या हालचालींत घराण्याचा वाटा किती, घराचा किती आणि आपण काय करायचं

मूल दहा-अकरा महिन्यांचं झालं आणि अजून धरून उभं राहत नाही, की घरात दोन मतं होतात. आई काळजीत, आजी निवांत. "त्याना बाप बी उशिरच चालना व्हता," एवढं म्हटलं की विषय मिटतो. पुष्कळदा आजीचं म्हणणं बरोबरही निघतं. पण याच वाक्याच्या भरवशावर काही मुलांचे उपचाराचे सर्वांत मोलाचे महिने निघून जातात. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या आईबापांनी आणि आजीआजोबांनी ही तपासणी घरीच, क्रमाने कशी करायची ते इथे सांगते आहे.

बालविकासाच्या पुस्तकांत याला कारक विकास म्हणतात. मान, धड, पाय यांच्या मोठ्या हालचाली आणि हाताबोटांच्या बारीक हालचाली, दोन्ही त्यात येतात. त्यावर तीन गोष्टींचा परिणाम होतो: रक्तातून आलेला वारसा, मूल वाढतं तो परिसर आणि मुलाला रोज मिळणारा अनुभव. वारसा आपल्या हातात नसतो, पण तो ओळखता येतो. परिसर बराचसा सुधारता येतो. अनुभव तर रोज द्यायचाच असतो.

पहिली पायरी: मुलाचं खरं वय काढा

तुलना करण्याआधी वय नीट मोजा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर वाढदिवसाच्या तारखेवरून काढलेलं वय दिशाभूल करतं. गरोदरपण ४० आठवड्यांचं धरतात. बाळ ३२व्या आठवड्यात झालं, तर ८ आठवडे लवकर आलं. आज ते आठ महिन्यांचं असेल तर हालचालींच्या हिशेबाने त्याला सहा महिन्यांचं धरायचं. साधारण दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब ठेवायचा. प्रसूतीची अपेक्षित तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली असते. ते कार्ड सांभाळून ठेवा, पुढेही लागणार आहे.

आता मोजपट्टी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून काही कालखंड ठरवले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. धरून उभं राहणं ४.८ ते ११.४ महिने. हातपाय टेकून रांगणं ५.२ ते १३.५ महिने. एकट्याने उभं राहणं ६.९ ते १६.९ महिने. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. नवव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्या महिन्यात चालणारं, दोन्ही मुलं निरोगी असू शकतात. शेजारणीच्या मुलाशी तुलना करून जीव जाळण्यात काही अर्थ नाही. याच पाहणीत सुमारे ४ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कोणी ढुंगणावर सरकत पुढे गेलं, कोणी थेट उभं राहिलं.

दुसरी पायरी: घराण्याचा इतिहास विचारा

हालचालींचा क्रम बाळ पोटातूनच घेऊन येतं. ताबा डोक्याकडून पायाकडे आणि धडाकडून बोटांकडे उतरत जातो: आधी मान, मग पाठ, मग कंबर आणि पाय, आधी खांदा, मग मनगट, शेवटी चिमूट. हा क्रम शिकवणीने बदलत नाही. १९२९ साली आर्नल्ड गेझेल आणि हेलन थॉम्प्सन या संशोधकांनी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या मुलींवर एक प्रयोग केला. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे रोज जिना चढवला. दुसरीला ५३व्या आठवड्यापर्यंत जिन्याजवळ नेलं नाही, मग फक्त दोन आठवडे सराव दिला. तेवढ्यात तिने पहिलीला गाठलं. शरीर तयार नसताना केलेली घाई फारशी फळत नाही.

चालण्याच्या वयातल्या फरकाबद्दल अलीकडचा एक मोठा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या सत्तर हजारांहून जास्त बाळांच्या त्या अभ्यासात मुलामुलांतल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा जनुकांशी जोडता आला. म्हणजे बाप उशिरा चालला म्हणून मुलगा उशिरा चालणं शक्य आहे. पण आजीचं वाक्य मान्य करण्याआधी चार प्रश्न विचारा.

बाप नक्की कधी चालला? "उशिरा" म्हणजे पंधराव्या महिन्यात की दोन वर्षांनी? आजीला महिना आठवत नसेल तर सण आठवतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चालत होता का, पोळ्याला चालत होता का, असं विचारा, उत्तर बरोबर येतं.

आईच्या माहेरी एखादा मामा किंवा मावसभाऊ लहानपणी चालत होता आणि पुढे हळूहळू चालणं बंद झालं, असं आहे का? ड्यूशेन नावाचा स्नायूंचा आजार आईकडून मुलग्यांकडे येतो. मूल चालायला लागतं, पण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान पळताना मागे पडतं, वारंवार पडतं, पोटऱ्या जाड दिसतात आणि जमिनीवरून उठताना हात स्वतःच्या मांड्यांवर टेकत टेकत उभं राहतं. ही उठण्याची पद्धत एकदा डोळ्यांत भरली की विसरत नाही. दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आईवडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का? आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. अशा घरांत दोन्ही बाजूंनी आल्यावरच उमटणारे आजार होण्याची शक्यता काहीशी वाढते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे.

चौथा प्रश्न आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा आहे: घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, आहे का? सातपुड्याच्या कुशीतल्या तालुक्यांत, भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा आजार बराच आढळतो. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार पुढे देऊ शकत असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेलची पहिली खूण पुष्कळदा हातापायांतच दिसते. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे तळहात किंवा पावलं अचानक सुजतात, गरम लागतात, हात लावला की बाळ किंचाळतं. कालपर्यंत धरून चालणारं मूल पाऊल टेकत नाही. घरात लचक भरली समजतात, कोणी चोळून देतं, कोणी शेकतं. चोळू नका. रक्ताची तपासणी करून घ्या. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत त्याची तपासणी होते. आपण वाहक आहोत की नाही हे लग्नाआधीच कळलं तर त्याहून उत्तम.

तिसरी पायरी: ताट आणि ऊन तपासा

चालण्यासाठी हाडं, स्नायू आणि नसा लागतात, आणि त्या अन्नातून घडतात. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. त्यानंतर दुधासोबत वरचं अन्न सुरू झालंच पाहिजे. दातच आले नाहीत म्हणून नवव्या महिन्यापर्यंत नुसत्या दुधावर ठेवलेली मुलं अजूनही दिसतात. ती हळूहळू मलूल होतात आणि त्यांना शांत स्वभावाची समजतात. मऊ खिचडीवर तूप, वरणात कुस्करलेली कळण्याची किंवा दादरची भाकरी, पिकलेलं केळं, चालत असेल त्या घरात अंडं, यातलं सगळं गावातच मिळतं.

लोह कमी पडलं की मूल दमतं, खेळायला उठत नाही. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमात दिलं जातं. आशाताईंकडे ते मागा. शी काळी झाली म्हणून बंद करू नका, लोहाने तसं होतंच.

बी-१२चं कमी लोकांना माहीत असतं. पूर्ण शाकाहारी आई, तिच्या अंगात हे जीवनसत्त्व कमी, आणि बाळ वर्षभर जवळजवळ नुसत्या अंगावरच्या दुधावर. अशा बाळाच्या हालचाली नुसत्या थांबत नाहीत, उलट्या फिरतात. बसणारं मूल बसेनासं होतं, हसेनासं होतं, कातडी काळपट पडते, केस विरळ होतात, पुढे हातपाय थरथरतात. वेळेत ओळखलं तर उपचार सोपा आहे. आलेली हालचाल गेली, तर कुठल्याही वयात आणि कुठल्याही घराण्यात एक दिवस थांबू नका.

ड जीवनसत्त्वाकडेही दुर्लक्ष नको. खान्देशात उन्हाला तोटा नाही, तरी मुडदूस (हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) दिसतो, कारण बाळ आतल्या खोलीत गुंडाळून ठेवलेलं असतं. नुसत्या दुधात हे जीवनसत्त्व पुरेसं नसतं, म्हणून पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट थेंब देण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. पायांच्या बाकाबद्दल मात्र एक दिलासा: दोन वर्षांपर्यंत पाय थोडे धनुष्यासारखे दिसणं नैसर्गिक आहे. त्यानंतरही बाक वाढत असेल, मनगटं रुंद दिसत असतील, तर मुडदुसाची तपासणी करा.

चौथी पायरी: भुई मोकळी करा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. दिवसातून शक्य तितका वेळ बाळ जमिनीवर असू द्या.

१९६० साली वेन डेनिस या मानसशास्त्रज्ञाने तेहरानच्या अनाथाश्रमांतली मुलं पाहिली. दोन आश्रमांत मुलं दिवसभर पाळण्यात उताणी पडून असत. तिथली तीन वर्षांची बहुतेक मुलंही एकटी चालत नव्हती. तिसऱ्या आश्रमात दाया मुलांना मांडीवर घेत, पालथं घालत, खेळवत. तिथली दोन वर्षांची बहुतेक मुलं चालत होती. त्याच डेनिसने आपल्या पत्नीसोबत १९४० साली अमेरिकेतल्या होपी जमातीची बाळं पाहिली होती. ती पहिले काही महिने दिवसाचा बराच वेळ फळीला बांधलेली असत, तरीही इतर बाळांच्याच वयाला चालली. कारण त्यांना बांधणं पुढे कमी होत गेलं, आणि बांधलेली असतानाही ती माणसांत असत. त्यामुळे कापूस वेचायला गेलेल्या आईने बाळ काही वेळ झोळीत ठेवलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. त्रास होतो तो झोळी हीच त्याची सगळी दुनिया झाली तर. शेताच्या बांधावर निंबाच्या सावलीत गोधडी अंथरून, मुंग्या-विंचू पाहून, जेवणाच्या सुट्टीत त्याला पालथं घाला. तेवढंही मोजलं जातं.

*पहिले चार महिने.* जागं असताना पालथं घाला. झोपवताना मात्र उताणंच. सुरुवातीला एकेक-दोन-दोन मिनिटं, आईच्या छातीवर घेतलं तरी चालेल. दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं व्हावीत असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. रडलं की उचला, पुन्हा तासाभराने घाला. मालीश जरूर करा, स्पर्श बाळाला हवाच असतो. पण पायाला धरून उलटं लटकवणं, हात मागे ओढून मोडणं, नाकाकानात तेल सोडणं हे बंद करा. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका, खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. पाय बेडकासारखे फाकलेले राहतील इतकी ढिलाई ठेवा. आपली कडेवर घेण्याची पद्धत त्या सांध्यासाठी चांगली आहे.

*पाच ते आठ महिने.* आता गोधडीभोवती वस्तू पसरा: वाटी, चमचा, लाकडी पळी, रंगीत कापड. हाताला येईल त्यापेक्षा वीतभर लांब ठेवा. बसवायचं असेल तर मांड्यांच्या मधे बसवा किंवा बाजूला उशा लावा. केनियातल्या किप्सिगिस आया जमिनीत छोटा खड्डा करून, त्यात कापड घालून बाळाला बसायला शिकवतात. १९७६ साली चार्ल्स सुपर या संशोधकाने नोंदवलं की ती बाळं सुमारे महिनाभर आधी बसत आणि चालत, पण रांगायला काही लवकर लागत नसत, कारण ते त्यांना कोणी शिकवत नसे. ज्या हालचालीला संधी मिळते तीच पक्की होते.

*आठ ते पंधरा महिने.* आपल्या घरांतलं या वयाचं सर्वांत उत्तम साधन म्हणजे ओट्यावरची बाज. तिची उंची उभ्या राहणाऱ्या बाळाच्या छातीच्या आसपास येते. एकदा बारकाईने पाहा. बाळ आधी एक गुडघा टेकतं, मग सुंभाच्या विणीत बोटं अडकवतं, मागचं पाऊल सपाट टेकवून अंग वर ओढतं. दोन-तीन दिवसांनी कडेकडेने आडवं सरकायला लागतं, आधी एका हाताकडे, मग दुसऱ्या. उभं राहणं जमतं, पण खाली बसणं जमत नाही, म्हणून बाळ उभं राहून रडतं. तेव्हा उचलून घेऊ नका. गुडघे हळूच वाकवून त्याला बसतं करा. असं काही वेळा केलं की ते स्वतः बसायला लागतं.

पांगुळगाडा आणि वॉकर यांत गल्लत करू नका. लाकडी तीन चाकी पांगुळगाडा बाळ स्वतः उभं राहून ढकलतं, तोल त्याचा तोच सांभाळतं. तो द्या, पण बाळ आपणहून उभं राहून कडेने चालायला लागल्यावर, मातीच्या अंगणात, कोणीतरी सोबत असताना. फरशीवर तो सुसाट पळतो. मधे बसवायचा गोल प्लास्टिकचा वॉकर मात्र आणूच नका. त्यात मूल चवड्यांवर लोंबकळतं, तोल शिकत नाही, आणि ओट्यावरून, पायऱ्यांवरून वॉकरसकट कोसळतं. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

पडण्याची भीती वाटते हे समजतं. पण पडणं हा सरावाचाच भाग आहे. कॅरन अडॉल्फ या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मोजलं, तेव्हा १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. घरात अनवाणी राहू द्या, तळवा भुईला लागला की तोल लवकर येतो. गुळगुळीत फरशीवर मोजे काढा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा अंगणाची वेळ सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर. थंडीत जाड कपड्यांची पुरचुंडी करू नका, गुडघा वाकला पाहिजे.

मूल रांगायला लागण्याआधी घरभर स्वतः गुडघ्यांवर फिरून पाहा. कपाशीच्या फवारणीची बाटली, फवारणीचे कपडे, उघडी पाण्याची टाकी किंवा बादली, चुलीतले निखारे, लोंबणारी वायर हे सगळं त्या उंचीवरून दिसतं. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, घराबाहेर ठेवता आली तर आणखी बरं.

*दीड ते सहा वर्षं.* इथे फार शिकवू नका, मोकळं सोडा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी, त्यातला एक तास दम लागेल इतकी. ओट्यावरून उडी, ढेकळांतून चालणं, लंगडी, चेंडू झेलणं, आखाजीचा झोका. दोन वर्षांच्या आत मोबाईल देऊ नका. त्याने डोळे बिघडतात की नाही हा वेगळा विषय, पण मोबाईल हातात असलेलं मूल हलत नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

पाचवी पायरी: हातांना काम द्या

पाच-सहा महिन्यांत बाळ मुठीने वस्तू ओढतं, नऊ ते बारा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते. चिमटीसाठी वरणात भिजलेला भाकरीचा मऊ कण ताटलीत ठेवा आणि त्यालाच उचलू द्या. सांडेल, अंगाला फासेल, तरी भरवण्याची घाई नको. पुढे भाकरीच्या पिठाचा गोळा थापायला द्या, तुरीच्या शेंगा सोलायला द्या, वाटीतून वाटीत पाणी ओतू द्या. एक सक्त सूचना: शेंगदाणे, फुटाणे, हरभरे चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती अख्खे लागू देऊ नका. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा जीव घेतो. कूट करून द्या.

तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेऊ नका, मनगट तयार नसतं. मातीवर काठीने रेघोट्या, खडूने फरशीवर गोल, एवढं पुष्कळ.

सहावी पायरी: कोणत्या खुणा दिसल्या की वाट पाहायची नाही

पुढची एकही खूण दिसली तर घराण्याचं कारण बाजूला ठेवा आणि मूल दाखवा. चार महिने होऊन मान सावरत नाही. नऊ महिने होऊन बसत नाही. वर्ष होऊन धरूनही उभं राहत नाही. अठरा महिने होऊन चालत नाही. वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसरी मूठ मिटलेली राहते. याला डावखुरेपणा समजू नका, वर्षाच्या आत हाताची निवड ठरलेली नसते. अंग फार ढिलं किंवा पाय कात्रीसारखे ताठ. सतत चवड्यांवर चालणं. जन्मल्यावर उशिरा रडलेलं किंवा काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ असेल तर खुणांची वाटही पाहू नका, ठरावीक काळाने तपासणी चालू ठेवा. मेंदूला इजा झालेल्या मुलात व्यायामोपचार जितके लवकर सुरू होतील तितका फायदा जास्त.

जायचं कुठे? आधी अंगणवाडीताई किंवा आशाताई. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातेत जात असाल तर पथक कधी येणार हे निघण्याआधी विचारून घ्या. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचे कागद आणि दुसऱ्या पायरीतल्या चार प्रश्नांची उत्तरं लिहून न्या. आणि मोबाईलमध्ये मुलाचे दोन-तीन व्हिडिओ काढून ठेवा: जमिनीवरून उठताना, सरकताना किंवा चालताना, दोन्ही हातांनी खेळताना. दवाखान्यात गेलं की मूल आईला चिकटून बसतं आणि काहीच करून दाखवत नाही. घरच्या अंगणातला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना त्याहून कितीतरी जास्त सांगतो.